घोडा राणीच्या बागेत आहे

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, मुंबई.

विषय : शहरातली जुनी कोडी जपण्याबाबत आणि नवी कोडी तातडीने सोडवण्याबाबत.



आपल्या टेबलावर रोज येणाऱ्या पत्रांत पाणी, कचरा, खड्डे आणि तुंबलेली गटारं हेच विषय असणार, आणि ते असायलाच हवेत. माझं पत्र ज्या गोष्टीबद्दल आहे, तिची खिडकी मात्र कुठल्याच वॉर्ड ऑफिसात नाही. मुंबईच्या रस्त्यांवर जागोजागी छोटी छोटी कोडी विखुरलेली आहेत. चौकाचं नाव घोड्याचं, पण त्या घोड्याचा पत्ता नाही. स्टेशनच्या नावात ‘गेट’ आहे, पण गेट कुठे दिसत नाही. फुटपाथमधून एखादा दगड वीतभर डोकं वर काढतो आणि त्यावर रोमन आकडा कोरलेला असतो. ही कोडी या शहराची पुंजी आहे, असं मला मनापासून वाटतं. सध्या शेकडो किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण चाललंय, फुटपाथ नव्याने बांधले जाताहेत, चौकांचं सुशोभीकरण होतंय. या धबडग्यात ती पुंजी राडारोड्याबरोबर डंपरमध्ये जाऊ नये, म्हणून हे खुलं पत्र लिहीत आहे.

सुरुवात आपल्याच ताब्यातल्या दोन प्राण्यांपासून करते.

१८७५ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, मुंबईत येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. सरकारदरबारी तो युवराजाचा पुतळा होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी मात्र युवराजाकडे पाहिलं न पाहिलं केलं आणि त्या जागेला ‘काळा घोडा’ म्हणायला सुरुवात केली. साम्राज्याच्या वारसदारापेक्षा त्याचं जनावर मुंबईकरांना जास्त आवडलं! १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला. पुढची पन्नासेक वर्षं लोक एकमेकांना ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ असं सांगत राहिले आणि घोडा नसलेल्या त्या जागी न चुकता भेटतही राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, तोही पाठीवर स्वार नसलेला. लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी दिलेला निकाल शहराने अखेर मान्य केला, असंच मला तो घोडा पाहताना वाटतं.

मग जुना घोडा गेला कुठे? तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे, युवराजासकट. तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती उभा केला गेला. म्हणजे एका चौकाचा घोडा आणि एका बेटाचा हत्ती, दोघंही एकाच बागेत मुक्कामाला आहेत आणि ती बाग महापालिकेची आहे. मी तिथे उभी असताना एक बाबा आपल्या सात-आठ वर्षांच्या लेकीला ही हकिगत सांगत होते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आपण बोटीत बसून तिकडे काय बघून आलो?” बाबा आधी खो खो हसले आणि मग खाली बसून तिला लेण्यांतली त्रिमूर्ती समजावून सांगायला लागले. तेवढ्यात आणखी दोन मुलं येऊन उभी राहिली. माहितीचा फलक वाचायला सांगितला असता तर ती पळाली असती. प्रश्न पडला म्हणून ती थांबली.

आयुक्तसाहेब, मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. शहराचं कोडं सुटतं तेव्हा आधी हसू येतं आणि हसता हसता माणूस त्या जागेचा होतो. ज्या शहरात निम्म्याहून अधिक आयुष्य प्रवासात, रांगेत आणि घाईत जातं, तिथे आपलेपणा सभेत ठराव करून येत नाही. ‘हे इथे असं का?’ असं विचारावंसं वाटणं आणि त्याचं उत्तर कुणाकडून तरी मिळणं, यातून तो येतो. कोड्याचं उत्तर ज्याने दिलं तो त्या दिवशी आपला शेजारी झालेला असतो.

आता फुटपाथमधल्या दगडांकडे येते. हे मैलाचे दगड आहेत, काळ्या पाषाणाचे. रस्त्यांवर थरावर थर चढत गेले तसे ते जमिनीत रुतत गेले; कित्येकांचा फक्त माथा वर राहिला. त्यावर रोमन आकडा आणि ‘सेंट थॉमस चर्चपासून’ इतके मैल, असा मजकूर इंग्रजीत कोरलेला आहे. आपल्या वारसा विभागाने त्यांतले दगड शोधून वर काढायचं, साफ करायचं काम हाती घेतलं, याबद्दल आधी मनापासून आभार. पण दगड वर आला म्हणून कोडं सुटत नाही, तिथे ते सुरू होतं. दगडावर तारीख नाही. मग तो कधीचा? उत्तर दगडावरच आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस हे १७१८ मधलं चर्च. १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. दगडावर चर्च लिहिलंय, कॅथीड्रल नाही. म्हणजे दगड १८३७ च्या आधीचे असणार, असा अंदाज बांधता येतो. हा तर्क दहावीतल्या मुलाला डॉ. आंबेडकर मार्गाच्या फुटपाथवर उभं राहून लढवता येईल. त्याला तो लढवू द्या. इतिहासाच्या पुस्तकात ‘साधने’ नावाचा धडा असतो. इथे साधन त्याच्या बुटाशी आहे.

त्या चर्चचा धागा पकडून चालत राहिलं की पुढची कोडी आपोआप उलगडत जातात. मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली, दरवाजेही गेले आणि चर्च गेट होतं त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. म्हणून आज चर्चगेट स्टेशनात उतरणाऱ्या माणसाला ना चर्च दिसतं ना गेट. दरवाजाची जागा बघायची तर त्याला फ्लोरा फाउंटन असलेल्या हुतात्मा चौकापर्यंत चालत जावं लागतं आणि चर्चसाठी त्याच्याही पुढे. रोज लाखो माणसं ज्या नावाचा पास खिशात घालून फिरतात, ते नाव दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या एका दरवाजाचं आहे. हे कळल्यावर लोकलच्या गर्दीतही जरा मजा वाटते.

त्याच फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी जमिनीखालून ट्रामचे रूळ निघाले. मुंबईत ट्राम १८७४ मध्ये घोड्यांनी ओढत सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर (आजचं सीएसएमटी) ते दादर ही शेवटची ट्राम धावून बंद झाली. रूळ गेले, डबे गेले. पण दादरला खोदादाद सर्कलच्या परिसराला लोक अजून ‘दादर टीटी’ म्हणतात. तिथल्या बस स्टॉपवर ऐकलेला एक संवाद सांगते. कॉलेजातल्या एका मुलीने मैत्रिणीला विचारलं, “टीटी म्हणजे काय गं?” मैत्रीण म्हणाली, “टेबल टेनिसचा क्लब असेल पूर्वी.” रांगेतला एक तरुण वळून म्हणाला, “रेल्वेचे टीटी राहत असणार इथे, क्वार्टर्स असतील.” पुढच्या काकूंनी सांगितलं, “नाही हो, कुणातरी पारशी शेठचं नाव असेल, टी. टी. अमुकतमुक.” तोवर गप्प उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “ट्राम टर्मिनस. इथे ट्राम संपायची. माझे वडील मला खिडकीशी बसवायचे.” सगळी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. मग त्यांना विचारणा सुरू झाली : तिकीट किती होतं, वेग किती होता, चालती ट्राम पकडता यायची का? बस आली तेव्हा त्या तरुणाने आजोबांना हात धरून आधी चढवलं आणि खिडकीची जागा दिली.

अशा किती रांगा या शहरात रोज उभ्या असतात! त्यातल्या एका रांगेला बोलायला दोन अक्षरं पुरली. आणि तो ‘टी’ फक्त दादरलाच नाही. आपल्या बेस्टच्या नावातला ‘टी’ आज परिवहनाचा आहे, पण १९०५ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा तो ‘ट्रामवेज’चा होता. १९४७ मध्ये कंपनी महापालिकेकडे आली, पुढे ट्राम गेली, अक्षर तेवढं नवा अर्थ घेऊन टिकलं.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते कोडं मस्जिद स्टेशनचं. सीएसएमटीहून निघालं की पहिलं स्टेशन. या भागात मशिदी अनेक, त्यामुळे नावाचं कुणाला नवल वाटत नाही. पण हे नाव ज्या प्रार्थनास्थळाशी जोडलं जातं, ते ज्यूंचं आहे. सॅम्युअल स्ट्रीटवरचं ‘शार हाराहामिम’, म्हणजे दयेचं दार, हे सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. आडनावावरून कळलंच असेल, ही आपल्या कोकणातली माणसं. बेने इस्रायली ज्यू रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलायचे. आपल्या सिनेगॉगला ते मशीदच म्हणत, आणि दिवेकरांचं सिनेगॉग झालं ‘जुनी मशीद’. परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी की दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले, कुराणात उल्लेख असलेल्या बेने इस्रायलांपैकी हा आहे हे कळल्यावर त्यांचा जीव वाचला आणि सुखरूप परतल्यावर त्यांनी नवस फेडावा तसं हे प्रार्थनास्थळ बांधलं. आज त्या गल्लीत मालाचे ट्रक, हातगाड्या आणि हमाल यांच्या गर्दीतून वाट काढत गेलात तर ती वास्तू दिसेल. मराठी बोलणारे ज्यू, त्यांनी त्यांच्या देवघराला सहज दिलेलं मुसलमानी नाव, आणि त्या स्टेशनात उतरून धंदा करणारे गुजराती, कच्छी, मराठी लोक. एवढं सगळं एका पिवळ्या पाटीत मावलं आहे, आणि त्यासाठी कुणी एकात्मतेचं भाषण केलेलं नाही. लोक शेजारी शेजारी राहिले, एकमेकांचे शब्द वापरत राहिले, म्हणून ते झालं. ज्या काळात प्रत्येक नाव कुणाचं, यावरून वाद पेटतात, त्या काळात हे कोडं प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवं.

इथे मला एक भेद स्पष्ट करायचा आहे, कारण तो केला नाही तर माझं म्हणणं अर्धवट राहील. शहरात दोन प्रकारची कोडी आहेत. एक काळाने घातलेली, ज्यांच्याविषयी वर लिहिलं. दुसरी हलगर्जीपणाने घातलेली. अंध व्यक्तींना वाट कळावी म्हणून फुटपाथवर पिवळ्या, उठावाच्या लाद्या बसवतात. त्या सरळ जाऊन विजेच्या खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला भिडलेल्या मी पाहिल्या आहेत. फुटपाथ अचानक संपतो आणि म्हातारं माणूस रस्त्यावर उतरावं की मागे फिरावं, या विचारात पडतं. वाहनं फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही. या गोष्टींचे फोटो लोक हसण्यासाठी एकमेकांना पाठवतात. मला त्यावर हसू येत नाही. पांढरी काठी टेकत त्या लादीवर विश्वास ठेवून चालणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. ही कोडी जपायची नाहीत. ती आजच्या आज सोडवायची आहेत. पहिल्या प्रकारच्या कोड्याने माणूस शहराच्या जवळ येतो, दुसऱ्या प्रकारच्या कोड्याने त्याला शहर सांगतं की तू इथे मोजण्यात नाहीस.

आपण म्हणाल, कामं एवढी पडलेली असताना या दगडाघोड्यांकडे बघायला वेळ कुणाला आहे? माझं उत्तर असं की या दोन्हींकडे बघणारी नजर एकच असते. फुटपाथमधला मैलाचा दगड ज्याला दिसतो, त्याला उघडं मॅनहोलही दिसतं. ज्या मुलाने सात रस्त्याला उभं राहून खरोखर सात रस्ते मोजले, तो उद्या त्यातला एक रस्ता अडवला गेला तर विचारणारच. पायधुनीला आता कुणी पाय धुवायला थांबत नाही. पण तिथून पुढे पूर्वी खाडीचं पाणी होतं, हे ज्याला माहीत आहे, त्याला पावसाळ्यात पाणी कुठे तुंबेल याचाही अंदाज असतो. जुनी नावं हा सखल भागांचा, टाक्यांचा, खाड्यांचा नकाशाच आहे. कुतूहल ही चैन नव्हे. नागरिकाच्या अंगी जागरूकता येते ती याच वाटेने, आणि महापालिकेला तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा मदतनीस दुसरा मिळणार नाही.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. त्यांना फार पैसा लागणार नाही.

पहिली : रस्ता किंवा फुटपाथ खोदायला घेण्याआधी त्या पट्ट्यातल्या जुन्या वस्तूंची यादी वॉर्ड ऑफिसने करावी. मैलाचे दगड, पाणपोया, घोड्यांना पाणी पाजायचे हौद, ओतीव लोखंडाचे दिव्याचे खांब, कोरलेल्या पाट्या. ही यादी कंत्राटदाराच्या कागदपत्रांना जोडावी आणि वस्तू जागची हलली तर ती पुन्हा त्याच जागी बसवणं त्याच्यावर बंधनकारक असावं. मैलाचा दगड शंभर फूट पुढे नेऊन बसवला तर तो खोटं बोलायला लागतो.

दुसरी : चौकाचं किंवा रस्त्याचं नाव बदलायचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नव्या नावाच्या पाटीवर खाली लहान अक्षरांत जुनं, लोकांच्या तोंडचं नावही असावं. पत्ता शोधणाऱ्याची सोय होईल आणि नाव का बदललं, कुणासाठी बदललं, हा प्रश्नही जिवंत राहील. नव्या नावाचा मान त्यामुळे वाढेलच.

तिसरी : अशा जागी फलक लावताना आधी प्रश्न लिहावा. काळ्या घोड्यापाशी ‘या घोड्यावर कोण बसलं होतं आणि तो आता कुठे आहे?’ असं वाचलं की मुलं भायखळ्याला जायचा हट्ट धरतील. उत्तर मागच्या बाजूला किंवा पुढच्या ठिकाणी असावं. मजकूर सोप्या मराठीत असावा, ‘सदरहू वास्तू’ने सुरू होणारा नसावा.

चौथी : २०२१ मध्ये आपण महापालिका मुख्यालयाची इमारत लोकांना पाहता यावी म्हणून वारसा सफर सुरू केली. १८९३ मध्ये पूर्ण झालेली ती देखणी वास्तू, आणि समोर त्याच वास्तुविशारदाने, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी, उभारलेलं १८८८ चं बोरीबंदर. अशाच फेऱ्या प्रत्येक वॉर्डात, महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी काढाव्यात. बोरीबंदरच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ का आहे, हे मुलांना शोधू द्यावं. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा, हे उत्तर त्यांचं त्यांना सापडलं तर ते कधी विसरणार नाहीत. आणि या फेऱ्यांना वाटाड्या म्हणून त्या त्या भागातले ज्येष्ठ नागरिक बोलवावेत. ट्रामच्या खिडकीशी बसलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. त्यांनी पाहिलेलं शहर त्यांच्यासोबत जाऊ देणं हे या महानगराला परवडणारं नाही.

पाचवी आणि सर्वांत तातडीची : दुसऱ्या प्रकारच्या कोड्यांसाठी प्रत्येक वॉर्डात एका अंध, एका व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि एका वयस्क नागरिकाला बरोबर घेऊन अभियंत्यांनी नवा फुटपाथ चालून पाहावा, आणि ती पाहणी झाल्याशिवाय कामाचं शेवटचं बिल मंजूर होऊ नये.

मी परळला वाढले, नोकरी फोर्टात केली. या शहराने मला पुष्कळ थकवलं, पण कंटाळा कधी येऊ दिला नाही, आणि त्याचं मोठं श्रेय या कोड्यांना आहे. मुंबईत रोज नवी माणसं येतात. त्यांना इथे घर मिळायला वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही. पण रस्त्यावरचा एखादा प्रश्न आणि तो सोडवल्याचा आनंद त्यांना पहिल्याच आठवड्यात मिळू शकतो, तोही फुकट. ते मिळत राहावं याची व्यवस्था करणं हे नागरी सेवेचंच काम आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. येत्या अर्थसंकल्पात या पाच विनंत्यांसाठी एक छोटं लेखाशीर्ष उघडावं आणि सुरुवात दादर टीटीच्या बस स्टॉपवरच्या एका पाटीने करावी. त्या पाटीवरचा मजकूर विनामूल्य लिहून द्यायला मी तयार आहे.

कळावे.

आपली,
एक करदाती मुंबईकर